थरथर जाते कुठे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा. बसमधून उतरलो तेव्हा धाकटी बहीण कंपनीचं जाकीट घालून, खिशात पाना खोचून समोर उभी. मला न्यायला आलीय की मला खोलून पाहायला, कळेना. माझी ट्रंक उचलताना म्हणाली, दादा, यात दगड भरलेत का? म्हटलं, कोश आहेत. दगड निदान कुठेतरी उपयोगी पडतात.

कॉलेजातला संस्कृत विभाग बंद झाला त्याला आता वर्ष होईल. शेवटच्या सत्रात वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षक जास्त होते, आणि शिक्षक मी एकटाच होतो. तेव्हा धाकटीनं इथे शब्द टाकला. तिची कंपनी यंत्रांचे शाफ्ट बनवते, म्हणजे मोटरचं फिरणं पुढच्या यंत्रापर्यंत पोचवणारे लांब दांडे. त्यांची माहितीपत्रकं आणि चाचण्यांचे अहवाल माणसांना कळतील अशा भाषेत लिहायला कुणीतरी हवं होतं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, यंत्रांतलं काही कळतं का? मी म्हटलं, घरचा मिक्सर चालवतो, तोही घाबरत. साहेब म्हणाले, उत्तम. इथे सगळ्यांना सगळं कळतं, म्हणून तर अहवाल कुणी वाचत नाही.

राहायला धाकटीचंच क्वार्टर. चाचणीघराच्या मागे, मध्ये फरशीचं अंगण. मधल्या खोलीत एक गोल टेबल आहे, इतकं मोठं की खोली त्याच्याभोवती बांधलेली वाटते. शेवटची खोली माझी. लिहायचं टेबल मी स्वतः सरकवून लावलं, खिडकी डाव्या हाताला येईल असं. उजेड डावीकडून यावा म्हणजे अक्षरावर हाताची सावली पडत नाही, ही वडिलांची शिकवण. त्यांच्या बाकीच्या शिकवणी मी मोडल्या. ही राहिली.

आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती आणि मी कॉलेजात. तिची वेणी मी घातली, पाढे मी घेतले, सायकल मी शिकवली. खांद्यावर हात ठेवून तिच्याबरोबर पळत असे. आज जेवताना तो विषय निघाला. म्हणाली, तू बरोबर पळायचास म्हणूनच मी पडायचे. कृतज्ञता म्हणतात ती हीच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चाचणीघर पाहिलं. मधोमध लांबट खड्डा, त्यात दोन बेअरिंगांवर आडवा शाफ्ट, वर जाड पोलादी झाकण, भोवती कमरेएवढा लोखंडी कठडा. भिंतीवर पडदा, त्यावर शाफ्ट किती थरथरतोय त्याची रेघ उमटत जाते.

हे शाफ्ट पोलादाचे नाहीत. कार्बनचे काळे धागे साच्यावर तिरके गुंडाळतात, दोऱ्याच्या रिळासारखे, राळेत भिजवतात आणि भट्टीत भाजतात. मिस्त्रींनी मला एकाचं टोक उचलायला लावलं. माझ्या मांडीएवढं जाड, आणि छत्री उचलावी तसं उचललं गेलं. मी दचकलो तेव्हा ते पोट धरून हसले.

मिस्त्री म्हणजे इथले सर्वांत जुने. पोट पुढे, मिशी त्याच्याही पुढे. मला पहिल्याच तासात 'पंडित' करून टाकलं. त्यांनी मला घाट समजावला. प्रत्येक शाफ्टला एक ठरावीक वेग असतो, त्या वेगाला तो धनुष्यासारखा वाकतो आणि थरथरायला लागतो. पुस्तकात त्याला क्रांतिक वेग म्हणतात, इथे घाट. घाटाखाली सगळं ठीक, घाटावरही ठीक, मध्ये रेंगाळायचं नाही. रेंगाळला तो मोडला.

आणि घाट ओलांडताना इथली एक रीत आहे. भोंगा वाजला की सगळ्यांनी कठड्याशी यायचं, उजवा तळवा कठड्यावर ठेवायचा, शाफ्ट पार होईपर्यंत बोलायचं नाही. याला 'हात देणं' म्हणतात. पोलादाच्या काळात म्हणे मिस्त्रींच्या तळव्याला यंत्राआधी कळायचं. आता सेन्सर आहेत, पण रीत सुटलेली नाही. मिस्त्री म्हणाले, वीज गेली की सेन्सर झोपतो, तळवा झोपत नाही.

एका हातात कागद आणि दुसऱ्यात पेन असल्यामुळे मी भिंतीशीच उभा राहिलो. मिस्त्रींनी टोमणा मारलाच. म्हणाले, पंडितांचे हात शाईत बुडलेत, असू दे.

एक जुना शाफ्ट चालवून दाखवला. घाट आला तेव्हा कठडा गुणगुणला, माझ्या दातांत कळ गेली, पडद्यावर रेघेचा डोंगर झाला. मग सगळं शांत. सगळ्यांनी हात उचलले, पँटला पुसले आणि अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे सुरू केल्या. मला ते फार आवडलं. एवढी माणसं एकदम गप्प बसलेली मी वर्गातसुद्धा पाहिली नव्हती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज धाकटीची शिकवणी. मी शिष्य. दिवस बदलतात ते असे.

माहितीपत्रकात 'अवमंदन' असा शब्द होता. मी म्हटलं, हा शब्द ऐकूनच माणूस मंद होतो, याचा अर्थ सांग. म्हणाली, थरथर शमवणं. ते दोन प्रकारचं असतं. बाहेरचं आणि आतलं. बेअरिंगांखाली रबरी गाद्या असतात, त्या फिरत नाहीत, जागच्या जागी राहून शाफ्टची थरथर पिऊन टाकतात, ते बाहेरचं. धागा आणि राळ आतल्या आत एकमेकांवर घासतात आणि थरथर खातात, ते आतलं. मी म्हटलं, मग दोन्ही चांगली. तर म्हणाली, इथेच सगळे फसतात. आतलं अवमंदन शाफ्टबरोबर फिरत असतं. घाटाखाली ते गुणी असतं. घाटावर गेलं की तेच शाफ्टला खवळवतं.

माझा चेहरा पाहून तिनं मला गोल टेबलाभोवती चालायला लावलं, वाकून. मग ती जागेवर उभी राहिली आणि दर फेरीला माझ्या खांद्याला तळवा लावत गेली. मी हळू झालो. हे बाहेरचं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून माझ्याबरोबर चालायला लागली, माझ्याहून थोडी जलद. मला धरून ठेवतेय असंच वाटत होतं, पण प्रत्यक्षात मी ओढला जात होतो. हे आतलं. म्हणाली, बरोबर फिरणाऱ्याला वाटतं आपण सावरतोय. पण पळवणाराही तोच असतो.

म्हटलं, म्हणजे भांडण घरातल्यानं मिटवायला गेलं की वाढतं आणि शेजाऱ्यानं खाकरलं की मिटतं, तसं. म्हणाली, दादा, हे पत्रकात लिहू नकोस. मी लिहिलं आहे.

मग तिनं स्वतःचं काम सांगितलं, आणि तेव्हा तिचा आवाज बदलला. गेली सहा वर्षं ती एका शाफ्टवर आहे. धाग्यांच्या थरांमध्ये तिनं शोधलेला एक मऊ थर, आणि धाग्यांचा तिरकेपणाही तिनंच ठरवलेला. घाटावर न खवळणारं आतलं अवमंदन. हा शाफ्ट घाट ओलांडेल आणि कुणाला कळणारही नाही. तो चाचणीत खरा उतरला तर हे चाचणीघर तिच्या हाती येणार. तिला एवढ्या आनंदात मी सायकल आली त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

मी एकच विचारलं. थरथर शमते म्हणजे जाते कुठे? म्हणाली, उष्णता होते. शाफ्ट किंचित तापतो. जाणार कुठे दुसरीकडे?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकटीच्या शाफ्टची पहिली चाचणी. भोंगा झाला, सगळ्यांनी हात दिले, मी भिंतीशी. वेग चढत गेला. कठडा गुणगुणला नाही. माझे दात गप्प. पडद्यावरची रेघ सरळ, पाटीवर पट्टीनं ओढल्यासारखी. घाट कधी आला आणि कधी गेला ते मोटरवाल्याला आकड्यांवरूनच कळलं.

साहेबांनी प्रत्येकाचा हात हातात घेऊन हलवला, काहींचा दोनदा. शाफ्टचं नाव तिथल्या तिथे 'मौनीबुवा' पडलं. नाव ठेवणारा मीच.

मिस्त्रींनी मात्र हात लवकर उचलला नाही. उचलला तो झटकला. मुंग्या आल्या म्हणाले. झाकण उघडल्यावर त्यांनी धाकटीला शाफ्टला हात लावायला सांगितलं. मीही लावला. गार होता. खड्ड्यातल्या हवेइतका गार. धाकटीच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. थरथर थोडी, शाफ्ट मोठा, कळण्याइतका कशाला तापेल, असं ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रोज चाचणी. रोज रेघ सरळ. माझे अहवाल लिहायला सोपे झालेत: काल लिहिलं तेच आज.

चहाच्या वेळी मिस्त्रींच्या कपाकडे लक्ष गेलं. कप बाकावर, मिस्त्री शेजारी बसलेले, आणि चहावर बारीक बारीक वर्तुळं. एकात एक, कडेपासून मध्यापर्यंत. मोटर बंद होती. ते साखर आणायला उठले तशी वर्तुळं विरली. परत येऊन बसले, परत उठली.

मी थट्टा केली. म्हटलं, आमच्या संस्कृतात क्रियापदांची दोन पदं असतात. क्रियेचं फळ स्वतःला मिळतं ते आत्मनेपद, दुसऱ्याला मिळतं ते परस्मैपद. आमचा मौनीबुवा परस्मैपदी दिसतो. फिरतो तो आणि थरथरता तुम्ही. मिस्त्री हसले. ते हसणं मला आवडलं नाही. आवाज पाण्याखालून आल्यासारखा फाटत होता, आणि हसून झाल्यावरही मिशीची टोकं काही वेळ हलत राहिली.

घरी धाकटीला सांगितलं. म्हणाली, बाकाचा पाय लंगडा आहे. मग, मी काही बोललो नाही तरी, पुन्हा म्हणाली, दादा, बाक लंगडा आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी यायला निघालो, तर भर उन्हात अंगणात मिस्त्री. चकरा मारत होते. हरवलेलं काही शोधतायत असं आधी वाटलं. पण नजर जमिनीवर नव्हती. कमरेत वाकले होते, पुढेही नाही, मागेही नाही, बाजूला, धनुष्याची कांब वाकते तसे. आणि डावा खांदा सतत आत, जिथे काहीच नव्हतं त्या मध्याकडे. पावलं ओढली जात होती.

हाक मारली. चेहरा फिरला नाही, पण उत्तर अगदी गोड आलं. पंडित, फार बरं वाटतंय. अंग असं हलकं कधी नव्हतं.

दोघातिघांनी धरून घरी नेलं. वाटेत तेही आपापले तळवे पँटला पुसत होते.

संध्याकाळी त्यांची बायको आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाली, ताई, ते खाटेभोवती फिरतात हो. बसवलं की बसतात आणि बसल्या बसल्या वाकतात. तुमच्या त्या खड्ड्यात काय आहे?

धाकटी म्हणाली, कानाचा त्रास असेल, तोल जातो, डॉक्टरला दाखवा. नीट, मायेनं सांगितलं. पण उजवा हात जाकिटाच्या खिशात होता. रात्री जेवणही डाव्या हातानं. मी विचारलं तर म्हणाली, मुंग्या आल्यात, उद्या जातील.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मिस्त्री गेले.

बायकोनं सांगितलं तसं लिहितो. सकाळी फेऱ्या वाढल्या. तिला राहवेना. कमरेला हात घालून तीही त्यांच्याबरोबर चालायला लागली. समजूत घालत होती, अहो बसा, अहो थांबा. जितकी धरायला जावी तितके ते जोरात. शेवटी तिची पकड सुटली आणि ती भिंतीवर आदळली. तिनं पाहिलं तेव्हा ते उभेच होते. मग एक आवाज आला. ओला बांबू चिरतो तसा, म्हणाली.

डॉक्टर आमच्या साहेबांना विचारत होते, कुठल्या यंत्रात सापडला? कुठल्याच नाही म्हटल्यावर पुन्हा तपासायला वळले. अंगावर ओरखडा नाही. आत कमरेची हाडं उभी चिरलेली, बारीक बारीक काड्यांत. झाडूसारखी, म्हणाले, आणि मग तो शब्द वापरल्याबद्दल माफी मागितली.

चाचणीघराच्या कोपऱ्यात मोडलेला एक जुना शाफ्ट ठेवला आहे. त्याच्या टोकाला धागे असेच पिंजारलेले. मी पहिल्या दिवशी त्याची थट्टा केली होती.

धाकटीला म्हटलं, बंद कर हे. तिनं खिशातला उजवा हात काढून तळवा पाहिला. मग म्हणाली, दादा, थरथर मरत नाही रे. शाफ्ट गार आहे. तो खात नाही, देऊन टाकतो. जो हात देईल त्याला.

म्हटलं, मग ठरलंच की. म्हणाली, रेघ सरळ आहे. सहा वर्षांनी रेघ सरळ आली आहे. कुणाला काय दाखवू? कपातला चहा?

उद्या ग्राहक येणार, शेवटची चाचणी. साहेबांनी मिस्त्रींसाठी दोन मिनिटं मौन पाळलं आणि उद्याची वेळ सांगितली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लिहायला हात वळत नाही, तरी हे नीट लिहून ठेवायला हवं.

भोंगा झाला. सगळे सवयीनं कठड्याशी आले. धाकटीनं सगळ्यांना मागे केलं, भिंतीपर्यंत. ग्राहक, साहेब, सगळे. कुणी हात द्यायचा नाही. वेग चढला. आणि रेघ, आजवर मेल्यासारखी पडलेली रेघ, उठली. झाकणाचे नट कडकडले. कोपऱ्यातली खिडकी तडकली. मोटरवाला ओरडला, थांबत नाही. बंद करूनही वेग उतरेना. अजून थोडा वेळ गेला असता तर शाफ्ट झाकणासकट बाहेर आला असता आणि खोलीत आम्ही सगळे होतो.

धाकटी पुढे गेली. एक नाही, दोन्ही तळवे कठड्यावर.

रेघ सरळ. मोटर थांबली. शांत.

तिनं टेबलापर्यंत येऊन डाव्या हातानं चाचणीच्या कागदावर लिहिलं: नापास. साहेब ओरडले की आलेख उत्तम आहे, शेवटी सरळ आहे, सगळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, शाफ्ट नापास. माझा आहे, मला माहीत आहे. कापून टाका. मोटरवाल्यानं साहेबांकडे बघितलंही नाही. करवत आणायला गेला.

मला तिचा इतका अभिमान वाटला की चालताना पाय जमिनीला लागेनात.

घरी आलो. ती स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली आणि फळीवरचे पेले वाजायला लागले. सगळे. एका सुरात.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळ. ती गोल टेबलाभोवती फिरते आहे.

डावा खांदा आत. वाकलेली. हाक मारली तर म्हणते, दादा, बरं वाटतंय, किती हलकं. डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या गावी आहेत, निघतो म्हणाले.

खुर्च्या आडव्या टाकल्या. खुर्च्या बाजूला उडाल्या. ती थांबली नाही.

——

मी काय केलं ते लिहितो. लिहिलंच पाहिजे.

बघवेना. गेलो आणि खांद्यावर हात टाकला. बरोबर चालायला लागलो. सायकलच्या वेळी चालत असे तसा. बोलत होतो, घाबरू नको, मी आहे, मी धरलंय. खरंच धरलं होतं. आणि आम्ही जलद होत गेलो. मी आणखी घट्ट धरलं. आणखी जलद. तिची कंबर माझ्या हाताखाली वाकत चालली. आत काहीतरी ताणत होतं, धागा ताणतो तसं. कानाला लागत होतं ते.

बरोबर फिरणाऱ्याला वाटतं आपण सावरतोय.

पत्रकात लिहिलं होतं मी हे. साहेबांनी वाहवा केली होती. मिस्त्रींच्या बायकोचं ऐकलं तेव्हाही कळलं नाही. सगळं ठाऊक होतं, फक्त हाताला ठाऊक नव्हतं.

सोडलं.

तिला सोडून मागे सरकण्याइतकं अवघड मी आयुष्यात काही केलेलं नाही. ती ओरडली की मी ओरडलो, माहीत नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावली, डाव्या हातानं चौकट पकडली, उजवा पुढे केला आणि उभा राहिलो. नुसता. ती येई, खांदा तळव्याला घासून जाई. पुन्हा येई. पुन्हा. दर वेळी मनगटातून काहीतरी आत शिरे. गार. गोड म्हणावं असं.

हळू झाली. आणखी हळू. सरळ झाली. मग माझ्यासमोर थांबली, मला ओळखलं, आणि जमिनीवर बसून रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडे तशी.

झोपली आहे. पेले गप्प आहेत. डॉक्टर येऊन गेले. थकवा आहे, म्हणाले. बाकी काही नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

धाकटी उठली. दोन अंडी खाल्ली, तिसरं मागितलं. कालचं फारसं आठवत नाही म्हणते. तिच्या कपातला चहा आरशासारखा. दहादा बघितला.

माझा बघितला नाही.

मोटरवाला येऊन सांगून गेला, मौनीबुवाचे तुकडे केले, भट्टीत घातले. काळा धूर झाला आणि संपला. म्हणजे आता देणारा कुणी नाही. जे दिलं आहे तेवढंच आहे.

मला बरं वाटतंय. फार

हे मी लिहिणार नव्हतो.

——

अक्षर बघतो आहे. वेलांट्यांना झालर आलीय. मुलांच्या वहीत असती तर गुण कापले असते.

धाकटीला सांगायला हवं. सांगितलं तर ती धावत येईल. नाही सांगितलं तर

——

उजेड डावीकडून. खिडकी डाव्या हाताला. ठीक आहे.

खिडकी समोर.

उजेड उजवीकडून, पानावर हाताची सावली. मग मागून. मग डावीकडून. टेबल मी सरकवलेलं नाही. टेबल तिथे आहे, भिंतीशी. वही माझ्या हातात आहे. मी टेबलाशी कधी नव्हतो

डावा खांदा—

हलकं वाटतं. खरंच हलकं वाटतं, मिस्त्री खोटं बोलत नव्हते

——

पेल्यांचा आवाज. तिनंही ऐकला. पावलं

ती दारात आहे. चौकटीला पाठ. हात पुढे केलाय. शाबास. तशीच. तिथेच. खांदा लागला तिच्या तळव्याला, थोडं हळू झालं—पुन्हा—

पण हे तिलाच परत जातं आहे. कालचं सगळं. नको. हात काढ म्हटलं. ऐकत नाही. काढ

काढला. माझा चेहरा बघते आहे. फेरीगणिक बघते आहे. ती रडते आहे आणि मला ते रडणं माहीत आहे, ते मीच वाढवलं आहे, आता ती काय करणार ते मला

येऊ नको. दारातच राहा. तिला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, तिनंच शिकवलं, याच घरात, त्या टेबलाभोवती

मलाही माहीत होतं

चौकट सोडली तिनं—आत आली—दादा, मी आहे म्हणते, मी धरलंय—खांद्यावर हात, बरोबर चालायला ला